दाढ गप्प, नाक बदनाम

नाकाच्या एकाच बाजूने कुजका वास येऊ लागला की माणूस आधी कचऱ्याच्या डब्यावर संशय घेतो, मग शेजाऱ्यांच्या डब्यावर, आणि तो वास दुसऱ्या कोणालाच येत नाही हे सिद्ध झाल्यावर नाइलाजाने स्वतःवर. माझा डावा गाल जड झाला होता आणि वाकले की डोळ्याखाली ठणका लागे. आईने वेखंडाचा लेप सुचवला, सासूबाईंनी ओव्याची पुरचुंडी. घरात शांतता नांदावी म्हणून मी दोन्ही केले. अँटिबायोटिक चालू असेपर्यंत वास दबून राही आणि गोळ्या संपताच ताज्या दमाने परते.

अखेर नाक-कान-घसा तज्ज्ञांनी नाकात दुर्बीण घातली, डाव्या बाजूचा पू पाहिला आणि विचारले, "वरची एखादी दाढ किडली होती का?" किडली होती, भरलीही होती, पण ती कधी दुखली नव्हती. वरच्या दाढांची मुळे गालामागच्या मॅक्सिलरी सायनसच्या, म्हणजे हाडातल्या हवेच्या पोकळीच्या, तळाला भिडलेली असतात आणि मधले हाड कधीकधी मिलिमीटरभरही नसते. म्हणजे सोसायटीतल्या गळतीचा हा उलटा प्रकार : खालच्या मजल्यावरची घाण वर झिरपते, आणि पूला वाट मिळाल्याने दाब साठत नाही, म्हणून दाढ साळसूदपणे गप्प राहते.

ज्यांच्या नावाने ही पोकळी ओळखली जाते, त्या इंग्लंडच्या वैद्य नॅथॅनियल हायमोर यांनी १६५१ च्या ग्रंथात एका बाईची हकीकत दिली आहे. सुळा काढल्यावर उरलेल्या भोकात तिने पिसाचा दांडा सारला आणि तो आत जातच राहिला, तेव्हा तो मेंदूत शिरला असे वाटून ती हादरली. माझ्या नशिबी पिसाऐवजी सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे, आला. त्यात मुळाच्या टोकाशी काळा डाग आणि वर सुजलेले अस्तर स्पष्ट दिसले. दंतवैद्यांनी दाढेवर गार बोळा टेकवला. तिला काहीही जाणवले नाही, कारण आतली नस केव्हाच मेली होती.

मग रूट कॅनाल झाले. तेवढ्याने सायनस मोकळा झाला नाही, तर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करावी लागेल, असे बजावण्यात आले. सुदैवाने वास गेला. आता पुढच्या तपासणीसाठी दंतवैद्यांनी कागदावर लिहिले आहे, "नाकाचे तज्ज्ञांना विचारावे", आणि तज्ज्ञांनी त्याखालीच, "दाढेचे दंतवैद्यांना विचारावे".