फक्त वाट पाहायची?
‘देवाचे राज्य मृत्यूनंतर सुरू होते, तोवर विश्वासणाऱ्याने धीराने वाट पाहायची’ हे लेखातले विधान मला अजिबात पटले नाही. येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत ‘तुझे राज्य येवो’ म्हटल्यावर लगेच ‘जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही’ येते (बायबलमधले मत्तयाचे शुभवर्तमान, 6:10), आणि पुढे रोजची भाकर, ऋणांची क्षमा. हे सगळे आजचे विषय आहेत! त्या राज्याचे पूर्णत्व पुढे आहे, हे मान्यच.

मत्तय 18 मधला चाकर आठवा. 10,000 तालांतांचे, म्हणजे आयुष्यभर न फिटणारे, कर्ज माफ झालेला माणूस 100 दिनारांसाठी (दिनार म्हणजे साधारण एका दिवसाची मजुरी) सोबत्याचा गळा धरतो, आणि येशू हा दाखला, म्हणजे ही बोधकथा, स्वर्गाच्या (म्हणजे देवाच्याच) राज्याविषयी सांगतो. अडचणीतल्या सहकाऱ्याला दिलेले उसने पैसे मी सोडून दिले ते याच दाखल्यामुळे. रक्कम लहान नव्हती. नुसती वाट पाहणे त्याहून कितीतरी सोपे होते.