फायबरच्या बोटीला मेंटेनन्स नसतो म्हणे!

फायबरच्या बोटीला मेंटेनन्स नसतो असं छातीठोकपणे सांगणारा माणूस एकतर बोट विकणारा असतो, नाहीतर बोट घेऊन त्याचं पहिलंच वर्ष चालू असतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी हीच मंडळी भोसरीला आमच्या शेडमध्ये येतात आणि म्हणतात, "ताई, जरा बघता का?"

भावाच्या फायबरच्या बोटीचा फोटो टाकला तेव्हापासून "अशी बोट घेऊ का, कशी असते?" विचारणाऱ्यांनी इनबॉक्स भरून वाहतोय. निम्मे कोकणातले आहेत. उरलेले पुण्यातले: पानशेतला गळ टाकायला जाणारे, भिगवणकडे शेती असलेले, आणि कोथरूडचे दोन काका, ज्यांना निवृत्तीनंतर दापोलीत घर आणि खाली खाडीत स्वतःची बोट असं स्वप्न पडलंय. एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच लिहिते. लांबेल. चहा घेऊन बसा.

आधी माझी बाजू सांगते, म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. माहेर पाजपंढरी, हर्णैला लागून. सासर पुण्यात. सासऱ्यांनी भोसरीत फायबरचा धंदा टाकला, तो आता मी आणि नवरा चालवतो. पाण्याच्या टाक्या, कारखान्यांचं डक्टिंग, बसचे बंपर. बोटी आम्ही बनवत नाही, त्यामुळे मला कुणाची बोट खपवायचीही नाही आणि पाडायचीही नाही. पण रेझिन (पातळ असतं, मग कडक होतं) आणि मॅट (काचेच्या तंतूंची चादर) रोज हाताखालून जातं, फायबरची बोटही याच दोन्हीचे थर भरून होते, आणि गावाकडच्या मालकांची गाऱ्हाणी रोज फोनवरून येतात.

भावाची बोट 28 फुटी, आत दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन. सुरमई-बांगड्याची जाळी टाकतो. तो खूश आहे, आणि त्याच्या खुशीला कारणं आहेत. लाकडी होडी होती तेव्हा 1 जूनला मासेमारी बंद व्हायच्या आत ती वर ओढायची, शाकारायची, मग नारळी पौर्णिमेच्या आधी फटींतला जुना कापूस उकरून नवा ठासायचा, तेल पाजायचं. त्यात एखादी फळी किडीनं पोखरलेली निघाली की सुतार शोधत चार गावं फिरायची. होडी बांधणारा चांगला सुतार आता सापडत नाही आणि सागाच्या भावाबद्दल तर बोलायलाच नको. फायबरला तो किडा लागत नाही. फळ्याच नाहीत म्हणून फटी नाहीत. अंगानं हलकी, म्हणून तेवढ्याच इंजिनावर जास्त पळते आणि डिझेल कमी पिते. मच्छीमारांना मिळणारा डिझेलवरच्या कराचा परतावा किती वाट बघायला लावतो हे ज्याला माहीत आहे, त्याला या एका मुद्द्याची किंमत कळेल. मासळीच्या खणाला दोन थरांच्या मध्ये फोम भरलाय, बर्फ टिकतो. संध्याकाळी पाइपनं पाणी मारलं की खण साफ. लाकडात मुरणारा तो वास नाही.

तक्रारीही त्याच्याच तोंडच्या. हलकी म्हणून वाऱ्यावर भरकटते. जाळं टाकून उभी राहिली की जुन्या होडीपेक्षा जास्त डुलते. समोरून लाट आली की बुड धाडधाड आदळतं, खलाशांच्या कमरेची वाट लागते. दुपारी फळीवर (फळी म्हणायची सवय, आहे फायबरच) अनवाणी पाय ठेववत नाही. ओली झाली की घसरते. यातलं घसरणं सोपं आहे. शेवटचा हात ओला असताना वर बारीक वाळू भुरभुरवायला सांगायचं, खर्च जवळजवळ शून्य. तेवढंही कुणी करून देत नाही, कारण गुळगुळीत चकचकीत दिसलं की गिऱ्हाईक खूश.

आमचे काका, सत्तरी उलटली तरी तांडेलाचा (होडीच्या कप्तानाचा) रुबाब उतरलेला नाही, त्यांना ही बोट पहिल्या दिवसापासून आवडत नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, "लाकूड गळतं, पण सांगून गळतं गो. हिचं काय कळत नाय." काकांच्या बहुतेक मतांशी माझं पटत नाही. इथे मात्र मी शंभर टक्के त्यांच्या बाजूनं.

मालकांची मतं इतकी टोकाची का असतात, त्याचं उत्तर यातच आहे. एकाच लांबीच्या, एकाच रंगाच्या, शेजारी शेजारी नांगरलेल्या दोन बोटी. एक मालक म्हणतो बारा वर्षं काही बघावं लागलं नाही, दुसरा म्हणतो तीन वर्षांत वैताग आला. दोघंही खरं बोलतात. वरचा रंगीत जेलकोट जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो आणि दोन्ही बोटींवर सारखाच चमकतो. त्याच्या मागे काय भरलंय ते फक्त भरणाऱ्याला ठाऊक.

मागे गावाकडचा एक मालक शेडमध्ये आला. शर्टाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेली गोल चकती काढली. पंपाच्या पाइपसाठी बुडाला भोक पाडलं होतं, तेव्हा निघालेला तुकडा. मला हा माणूस तिथेच आवडला, कारण बाकीचे हा तुकडा पाण्यात फेकून देतात. काट्यावर वजन केलं, बाहेर पत्र्यावर ठेवला आणि गॅसचा बर्नर मारला. काळाकुट्ट धूर, रेझिन जळून गेलं, काच उरली. ती थंड झाली की चिमट्यानं एकेक पदर सुटा होतो. किती मॅट, किती विणलेलं रोविंग (काचेच्या दोऱ्यांचं कापड), सरळ मोजता येतं. चांगल्या कामात 100 ग्रॅमच्या तुकड्यातून 33-35 ग्रॅम तरी काच उरायला हवी. याच्या चकतीत त्याच्या निम्मीसुद्धा नव्हती. रोविंगचे दोन थर सांगितले होते, एक निघाला. आणि पदरांच्या मधून पांढरी भुकटी सांडली, रेझिन पुरवायला घातलेली खडूची पावडर. तो बराच वेळ त्या भुकटीत हाताचं बोट फिरवत बसला होता. बोट कुठे बांधली ते मी इथे लिहिणार नाही, विचारू नका.

असं का होतं? पहिलं कारण किंमत ठरवायची पद्धत. बोट फुटावर विकली जाते. अमुक फूट, तमुक रुपये. फूट तर सगळ्यांना दिसतात, मग बनवणारा वाचवणार कशात? जाडीत आणि काचेत. आम्ही केमिकलची टाकी किलोवर आणि थरांवर बोलतो, ऑर्डरवर लिहून देतो. बोटीसाठी हे कुणी मागत नाही. मागा. रिकाम्या बोटीचं वजन किती, मॅट किती ग्रॅमची, किती थर, रोविंग कुठे कुठे, रेझिन साधं की आयसोफ्थॅलिक (पाण्याला जास्त टिकणारं), हे कागदावर घ्या. जो बनवणारा या प्रश्नांवर चिडतो त्याच्याकडून उठून या.

दुसरं कारण हवामानाचं, आणि याबद्दल मी गावात प्रत्येकाचं डोकं खाते. मासेमारी बंदी 1 जून ते 31 जुलै. मालक मोकळा कधी असतो? जून-जुलैत. त्याला बोट कधी हवी? नारळी पौर्णिमेला. म्हणजे कोकणातल्या ऐन पावसात, ताडपत्रीखाली, बोट भरली जाते. काचेची मॅट दमट हवेत ओल धरते. पॉलिएस्टर रेझिनला ओल आणि गारठा दोन्ही चालत नाही. आमच्याकडे भोसरीत आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर गेली की आम्ही भरायला हात लावत नाही, बसून घासकाम करतो. कोकणात जुलैत 80 च्या खाली ती येणार कधी? मग लवकर सुकावं म्हणून हार्डनर (रेझिन कडक करणारं रसायन) जास्त टाकतात. माल तापतो, कडक होतो आणि ठिसूळ होतो. वरून काही कळत नाही. दिवाळीनंतर ऑर्डर द्या आणि जानेवारी ते मार्चमध्ये भरून घ्या. धंद्याच्या दिवसांत पळापळ होते खरी, पण बोट एकदाच घ्यायची असते.

आता आतलं लाकूड. फायबरच्या बोटीत लाकूड नसतं हा आणखी एक गैरसमज. इंजिन ज्या बेडवर बसतं त्याच्या आत लाकूड असतं, आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर लटकणारं इंजिन) लटकवायच्या मागच्या पाटात बहुतेक वेळा प्लायवूड असतं. ते चहूबाजूंनी बंद आहे तोवर छान. मग मेकॅनिक येतो, ड्रिल घेतो, बोल्टला भोक पाडतो आणि भोकाच्या आत रेझिन न लावता बोल्ट ठोकून निघून जातो. पाणी आत शिरलं की बाहेर यायला वाट नाही. एका बोटीत इंजिनचे बोल्ट सारखे सैल होत होते म्हणून भाऊ आणि मी बेडमध्ये ड्रिल मारून बघितलं. पात्याला भुसा यायच्या ऐवजी काळा, ओला लगदा आला. वास कुजलेल्या पालापाचोळ्याचा. वरचं फायबर अगदी नव्यासारखं! म्हणून सांगते, लाइटचा हुक असो की खांब, प्रत्येक भोक रेझिननं बंद करूनच स्क्रू घाला. आणि जुनी बोट घेत असाल तर रुपयाचं नाणं घेऊन तास-दीड तास टकटक करत फिरा. खणखणीत वाजलं तर ठीक. आवाज बद्द आला तिथे खडूनं खूण करा, भाव तिथून बोलायला सुरुवात होते.

जुन्या लाकडी होडीवर फायबरचं कोटिंग मारून घेऊ का, असं बरेच जण विचारतात. लाकूड पूर्ण कोरडं असेल आणि काम नीट केलं तर चालतं. कोचीच्या केंद्रीय मत्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेनं रबराच्या लाकडावर फायबर चढवून होड्या केल्या आहेत. पण वीस वर्षं खारं पाणी प्यालेली होडी पंधरा दिवस उन्हात ठेवून वरून झाकायची, हे लाकूड कुजवायचंच काम.

पुणेकरांसाठी खास. धरणाचं गोडं पाणी म्हणजे बोटीला आराम, असं तुम्हाला वाटतं. उलट आहे. जेलकोटमधून गोडं पाणी खाऱ्यापेक्षा जास्त सहज आत झिरपतं, त्यात कोमट आणि साचलेलं असेल तर विचारूच नका. उजनीत चिलापी मासे पकडणाऱ्या एकाची फायबरची बोट वर्षानुवर्षं पाण्यातच. उलटी केली तेव्हा बुडाला बोटाच्या पेराएवढे फोड आले होते. फोड फोडला की आत दाब असतो, चिळकांडी उडते, तेव्हा चष्मा लावा. आतल्या पाण्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. खरवडून, धुऊन, आठवडेच्या आठवडे पूर्ण वाळवून मगच पुन्हा भरायचं. वरून पुट्टी फासली की सहा महिन्यांत परत फोड. त्यापेक्षा वर्षातून एकदा बोट बाहेर काढून चांगली वाळू द्या. आणि हो, धरणात बोट उतरवायची तर आधी जलसंपदा खात्याची परवानगी बघा, बोटीचा रंग नंतर ठरवा.

बुडण्याबद्दल बोलायला लोकांना आवडत नाही, तरी बोलते. लाकूड मुळात तरंगतं. फायबरचा तुकडा पाण्यात टाका, तळाला जातो. म्हणजे पाणी भरलं तर इंजिनासकट बोट खाली जाणार, आत बंद कप्प्यांत फोम नसेल तर. एक घनफूट चांगला फोम पाण्यात साधारण 27 किलो तोलून धरतो. तुमच्या बोटीत किती फोम आहे ते बनवणाऱ्याला विचारा. "आहे की" हे उत्तर नाही. 21 मे 2024 ला उजनीत कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटून 6 जण गेले. धरण आहे, समुद्र थोडाच, म्हणून जॅकेट गाडीच्या डिकीत ठेवणाऱ्यांनी ते आठवावं.

अनुदानाचंही विचारलंय. 2020 पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत वैयक्तिक लाभार्थ्याला सर्वसाधारण गटात 40 टक्के, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के. त्यामुळे कागदावर बायकोच्या नावानं बोट घ्यायची कल्पना सगळ्यांना एकदम सुचते. घ्या की! फक्त मग मासळीचे पैसेही तिच्या खात्यात येऊ द्या. माझ्या वहिनीनं ही अट घालूनच सही केली.

एक गोष्ट मला स्वतःला खुपते, धंदा याच मालाचा असूनही. लाकडी होडी मेली की चुलीत जाते, लोखंडी गेली तर भंगारवाला पैसे देतो. फायबरच्या सांगाड्याला कुणी विचारत नाही. आंजर्ल्याच्या खाडीकडे गेलात तर कडेला पडलेल्या बोटी बघा. उन्हानं जेलकोट उडालेला, काचेची कुसळं बाहेर आलेली, पोरं त्यावर खेळतात आणि रात्रभर अंग खाजवत बसतात. याचं काय करायचं ते बोट घेताना कुणी विचारत नाही, विकणारा तर नाहीच नाही.

तरीही भावाला दुसरी बोट घ्यायची आहे आणि ती फायबरचीच असेल. मीच सांगितलंय त्याला. लाकडाकडे परत जाणं आता परवडणारं नाही. फक्त या वेळी थर भरताना मी तिथे असणार आहे, वजनकाटा घेऊन.

कोथरूडच्या काकांनो, तुम्ही आधी एखाद्या ओळखीच्या मालकाबरोबर पहाटे निघून दुपारी परत या. उलट्या न करता आलात तर पुढचं बोलू. बाकीच्यांनी शेडवर यायचं तर चकती घेऊन या. गुरुवारी नको, भोसरीला सुट्टी असते. आणि बोटीचा फोटो पाठवून "ताई, कशी वाटते?" असं विचारू नका. फोटोवरून मला फक्त रंग सांगता येतो.