मॅनेजर बाई

मुलींचा संघ बाहेर न्यायचा तर बरोबर एक बाई हवी, असा आमच्या कॉलेजात दंडक आहे. ती बाई कधी काळी धावलेली असावी, तिला शिट्टी वाजवता यावी, गेला बाजार तिचे गुडघे तरी धड असावेत, अशी कुठलीही अट त्यात नाही. बाई असली की पुरे. मराठी विभागात ही पात्रता असलेली मी एकटीच. त्यामुळे संतकाव्य शिकवता शिकवता एके दिवशी मी महिला ॲथलेटिक्स संघाची व्यवस्थापक झाले. "तुम्हाला काही करायचं नाही हो मॅडम, नुसतं उभं राहायचंय," प्राचार्य म्हणाले. कुठे, तेही त्यांनी सांगितलं. किती वाजता, ते पत्र उघडल्यावर कळलं.

पहाटे साडेपाच. महिना डिसेंबर. पुण्याची थंडी गुलाबी असते म्हणणारी माणसं ती दुलईच्या आतून बघतात. मैदानावर तिला रंगबिंग काही नसतो, ती सरळ कानात शिरते. मी स्वेटर, त्यावर शाल आणि ह्यांची माकडटोपी अशा थाटात उभी, आणि समोर मुली अर्ध्या चड्डीत गुडघे छातीला लावत उड्या मारतायत. "मॅडम, तुम्हीपण दोन राउंड मारा, थंडी पळेल," असं रोज कुणीतरी म्हणतंच. थंडी पळाली तर माझी हरकत नाही, पण तिच्यामागे मी कशाला पळू?

आमच्या मैदानात चारशे मीटरचा ट्रॅक मावत नाही. दोनशेचा मावतो, तोही सायकल स्टँडला वळसा घालून. जिमखान्याचे मामा वाकून वाकून फक्कीनं लेन आखतात आणि दुपारी एखाद्या भरती परीक्षेचं पार्किंग येऊन त्या पुसून जातं. गॅदरिंगचा मांडव दरवर्षी याच मैदानावर पडतो. मांडव निघतो, बांबूंचे खड्डे राहतात. आमची दोनशेवाली वळणावर अचानक डाव्या खांद्यानं झुकते आणि लगेच सावरते. एका बाहेरच्या प्रशिक्षकांना ही तिची खास शैली वाटली, त्यांनी मोबाइलवर चित्रणही करून घेतलं. ती खड्डा चुकवत होती. आता इतकी सवय झालीय, की खड्डा नसलेल्या ट्रॅकवरसुद्धा चुकवते.

(मैदानावर कुणाला नाव नसतं, हे मला उशिरा कळलं. दोनशेवाली, आठशेवाली, गोळावाली, भालावाली. मी मात्र ‘मॅनेजर मॅडम’. माझा प्रकार कुठला ते कुणी विचारत नाही.)

कागदोपत्री आमच्याकडे प्रशिक्षक दोन. एक क्रीडा संचालक. ते मूळचे खो-खोचे, आणि जगातला प्रत्येक खेळ हा खो-खोच आहे, फक्त लोकांनी तो बिघडवलाय, अशी त्यांची श्रद्धा. रिले म्हणजे काय, तर काठी देऊन दिलेला खो. गोळाफेकवालीलासुद्धा ते "खांबाकडे बघ, खांबाकडे!" असं ओरडतात. खांब नसतो. ती बिचारी मिळेल त्या झाडाकडे बघते.

दुसरे मानधनावरचे स्प्रिंटचे सर. पतियाळाला जाऊन एनआयएस, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षकाचा कोर्स, करून आलेले. गळ्यात स्टॉपवॉच, आणि बोलणं सगळं शतांश सेकंदांत. त्यांचं कुठलंही व्याख्यान कुठूनही सुरू होवो, संपतं लॉस एंजेलिसला. १९८४, चारशे मीटर हर्डल्स, पी. टी. उषा, ५५.४२ सेकंद, आणि एका शतांशानं हुकलेलं ब्राँझ. "का? छाती पुढे टाकायला उशीर!" असं म्हणून ते ज्या नजरेनं मुलींकडे बघतात, त्या नजरेपुढे त्या वेळी जन्मालाही न आलेल्या मुली अपराधी चेहऱ्यानं उभ्या राहतात. एकदा मीसुद्धा नकळत छाती पुढे केली.

सर शास्त्राचे पक्के. मुलींच्या शंभर मीटर हर्डल्सना अडथळे दहा, उंची सुमारे ८४ सेंटिमीटर, हे ते झोपेतही सांगतील. आमच्याकडे अडथळे सहा आहेत. त्यातले दोन वर्गातल्या मोडक्या बाकांपासून मामांनी ठोकून दिलेले. उरलेले चार आमची हर्डल्सवाली मनातल्या मनात ओलांडते. स्पर्धेत सहाव्या अडथळ्यानंतर तिची लय का सुटते, यावर सर आणि संचालक यांच्यात मतभेद आहेत.

हे झाले पगारी. बिनपगारी प्रशिक्षकांत पहिले कठड्यावरचे काका. रोज हनुमान टेकडी उतरून येतात आणि कठड्यावर बसून मोफत मार्गदर्शन करतात. फुकट दिलेला सल्ला कुणी घेतला नाही तर पुण्यात अपमान समजतात, त्यामुळे काका तो पुन्हा मोठ्यानं देतात. "बायकांच्या प्रकृतीला आठशे मीटर मानवत नाही," असं त्यांनी एकदा जाहीर केलं. आमच्या आठशेवालीनं ते ऐकलं. ती म्हणाली, काका, हे फार जुनं आहे, १९२८ साली ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा बायका आठशे धावल्या, तेव्हा बायका कोसळल्याच्या बातम्या पेपरवाल्यांनी अशा काही रंगवल्या, की ती शर्यतच बंद झाली, ती थेट १९६० ला रोममध्ये सुरू झाली. काका खूश. "बघ! म्हणजे ऑलिंपिकवाल्यांनाही पटलं होतं!" तिनं शांतपणे चार राउंड मारले, कठड्यापाशी येऊन थांबली आणि विचारलं, "काका, टेकडी चढताना तुम्ही किती ठिकाणी बसता?" दुसऱ्या दिवसापासून काका तिच्यासाठी भिजवलेले बदाम आणायला लागले.

याच आठशेवालीचं टायमिंग जानेवारीत एकदम ढासळलं. २ मिनिटं २४ सेकंदांवर असलेली पोरगी २:३१ वर गेली. सात सेकंद! सरांच्या घरात सुतकच. स्टार्ट चुकतोय, पहिला लॅप जास्त जोरात जातोय, असं त्यांचं निदान. संचालक म्हणाले, दम कमी पडतोय, पर्वतीच्या १०३ पायऱ्या रोज पाच वेळा चढव. काका म्हणाले, बदाम वाढवतो. मुलगी तिघांनाही "हो सर, हो सर, हो काका" म्हणाली. तिनं खरोखरच तिघांचंही ऐकलं, आणि आठवड्यानं टायमिंग आलं २:३३.

मामा तेव्हा फक्कीची पाटी घेऊन चालले होते. न थांबता म्हणाले, "पोरगी झोपत नाही. यांच्या वस्तीत पहाटे साडेतीनला पाणी येतं."

सगळे गप्प. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कारण पाणी, झोप, आई, वडील, लग्न, हजेरी आणि पोटदुखी ही खाती व्यवस्थापक बाईंची. पोटदुखीचं तर विचारूच नका. सर एरवी शतांश सेकंदही टिपणारे, पण एखादी मुलगी पोट धरून बसली की एकदम सूर्योदय बघायला लागतात आणि तिकडेच बघत म्हणतात, "मॅडम, तुम्ही जरा बोलून घ्या."

मी आईंना फोन लावला.

"अहो मॅडम, पळते ते चांगलंच आहे. पण ती झोपली तर पाणी कोण भरणार? मी साडेपाचला कामावर निघते."

"धाकटा भाऊ आहे ना?"

"तो बारावीला आहे!"

"ही शेवटच्या वर्षाला आहे."

"हो, पण तो *बारावीला* आहे."

यापुढे माझ्याकडे एकच हत्यार होतं. ते मी अशा वेळांसाठी राखून ठेवते. मी ललिता बाबर काढली. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची मुलगी. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या फायनलला गेली, दहावी आली. आईंवर काडीचा परिणाम नाही. दहावी आणि बारावी यांत त्यांच्या लेखी बारावीच मोठी. मी सांगितलं, साधं धावणं नसतं ते, वाटेत अडथळे असतात, पाण्यानं भरलेल्या खड्ड्यावरून उडी मारायची असते.

"ते तर आमची रोज करते," आई म्हणाल्या.

"पुढे ती उपजिल्हाधिकारी झाली," मी म्हणाले.

पलीकडे शांतता. मग आवाज बदलला. "म्हणजे नुसतं पळून?"

मला ‘नुसतं’ या शब्दावर बरंच बोलता आलं असतं, पण साडेपाचपासून उभ्या असलेल्या माणसाचा वाद घालायचा स्टॅमिना गेलेला असतो. मी "हो" म्हणून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून बारावीतला सुपुत्र पहाटे हंडे भरायला लागला. तीन आठवड्यांत मुलगी २:२२ वर आली. सरांनी सांगितलं, पहिला लॅप सावकाश काढायला लावला त्याचा परिणाम. संचालक म्हणाले, पर्वती. काका काही बोलले नाहीत, फक्त बदामांची डबी उघडून सगळ्यांना दाखवली.

मग स्पर्धा. बालेवाडी. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं संकुल. २०१३ मध्ये आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धा इथेच झाली, हे सरांनी बसमध्ये सगळ्यांना ऐकवलं, कंडक्टरसकट. गोळावालीचा चार किलोचा गोळा सीटखाली ठेवला होता. एका चौकात ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि गोळा शिस्तीत गडगडत थेट पुढच्या दारापर्यंत गेला. कंडक्टरनं पायानं अडवला, उचलायला वाकला, आणि पहिल्या झटक्यात तो उचलला गेला नाही तेव्हा त्यानं गोळावालीकडे ज्या आदरानं पाहिलं, तसं आमच्याकडे आमच्या विभागात कुणी पाहत नाही.

सिंथेटिक ट्रॅकवर पाय ठेवल्यावर नव्या मुली धावल्या नाहीत. उकिडव्या बसल्या आणि अंगठ्यानं ट्रॅक दाबून बघायला लागल्या. दाबला की जरासा आत जातो, सोडला की वर येतो. एकीनं वास घेतला. "मॅडम, खड्डाच नाहीये कुठे," दोनशेवाली म्हणाली. तिच्या आवाजात थोडी काळजी होती.

व्यवस्थापकाची पिशवी हा काय प्रकार असतो ते त्या दिवशी कळतं. पात्रता अर्ज, ओळखपत्रं, ग्लुकोज, पॅड, चिकटपट्टी, दुखऱ्या स्नायूंवरचा स्प्रे, आणि सेफ्टी पिना. एका चेस्ट नंबरला चार पिना लागतात, छातीवर आणि पाठीवर धरून आठ. मुलींना हा हिशेब कधीही येत नाही, त्या एकेक पीन घेऊन येतात. शिवाय एका स्टीलच्या डबीत सगळ्यांची कानातली, चमक्या, पैंजण. भालावालीचा नुकताच साखरपुडा झालाय. तिची अंगठी डबीत टाकायचा मला धीर होईना, म्हणून ती बोटात चढवली. चढली, पण उतरेना. तिच्या सहाही फेकी झाल्या तरी मी साबण शोधत होते.

दुपारी प्राचार्य आले. चारशे मीटरची हीट लागली होती. मुली आपापल्या लेनमध्ये उभ्या राहिल्या आणि प्राचार्य ताडकन उठले. "अहो, ही आपली मुलगी सगळ्यात मागे! आणि ती बाहेरची बघा, पन्नास मीटर पुढे! हा उघड अन्याय आहे. प्रोटेस्ट नोंदवा!" मी म्हणाले, सर, बाहेरचं वर्तुळ मोठं असतं, लेनची रुंदी १.२२ मीटर, म्हणून आठव्या लेनला ५३ मीटर पुढून सोडतात, नाहीतर तिला तेवढं जास्त धावावं लागेल. आमचे प्राचार्य गणिताचे. क्षणभर त्यांनी हवेत बोटानं काहीतरी आकडेमोड केली आणि बसले. "तरी पण मानसिक परिणाम होतोच," असं म्हणाले, ते त्यांच्या पदाला शोभूनच होतं.

आठशेवाली दुसरी आली. चार बाय शंभर रिलेत ब्राँझ मिळालं. बॅटन तीस मीटरच्या टप्प्यात द्यायची असते, तिसरीनं ती अगदी शेवटच्या टोकाला दिली, आणि त्याच क्षणी स्टँडमधून संचालकांचा "खो!" सगळ्या स्टेडियमला ऐकू गेला. हर्डल्सवालीचं सहाव्यानंतर काय झालं ते सोडून देऊ.

सोमवारी मी प्रवासखर्चाचं बिल घेऊन ऑफिसात गेले. हल्ली पुरावा म्हणून जागा आणि वेळ छापून येणारे फोटो जोडावे लागतात. मी भरपूर जोडले होते. क्लार्कनं एकेक फोटो चष्मा वर करून पाहिला.

"मॅडम, यात तुम्ही कुठेच नाही."

"फोटो मी काढले."

"ते खरं असेल. पण मॅनेजर हजर होत्या याला पुरावा काय? प्रशिक्षकांची सही आणा."

मी जिमखान्यात गेले. आत सर, संचालक आणि खास पेढे घेऊन आलेले काका, तिघांचा वाद रंगात आला होता. आठशेच्या मेडलचा अहवाल लिहायचा होता आणि ‘मार्गदर्शन’ या रकान्यात कुणाचं नाव घालायचं ते ठरत नव्हतं. बदाम अहवालात लिहिता येतात का, असं काकांनी मलाच विचारलं. मी बाहेर आले. मामा पायरीवर बसून स्पाइक्सचे खिळे पुसत होते. त्यांनी काही न विचारता बिलावर सही केली, तीही मोडीसारखी, वाचता न येणारी.

क्लार्कनं सही पाहिली. "मामांची आहे का? मग काही प्रश्नच नाही," म्हणाला आणि शिक्का मारला.