गाठ आहे गँगलियनशी

मनगटावर गाठ उठली की पहिलं निदान शेजारीपाजारी करतात. कुणाला मुरगळ वाटते, कुणाला हाड सरकल्याचा संशय, आणि एखादी मावशी आवाज खाली आणून म्हणते, "दाखवून घे हं." दाखवावीच. मात्र मनगटाच्या मागच्या बाजूला, मधोमध, गुळगुळीत, कधी लहान कधी मोठी होणारी गाठ बहुधा गँगलियनच निघते: सांध्यापासून देठावर बाहेर आलेली पिशवी, आत घट्ट, पारदर्शक जेली. डॉक्टर तिला टॉर्च लावतात. उजेड आरपार दिसला तर आत द्रव आहे. हा प्रयोग पुढे घरी येणाऱ्या प्रत्येकाला करून दाखवण्याचा मोह मला तरी अगदी समजण्यासारखा वाटतो.

मग मिळतो तो सल्ला जरा अपमानास्पदच: काही करू नका. इतका वेळ ताटकळून हेच ऐकायचं होतं? पण सल्ला रास्त आहे. सुमारे निम्म्या गाठी आपोआप जिरतात, फक्त त्यांना घाई नसते. महिने लागतात, कधी वर्षं. तिचा कर्करोग होत नाही. दुखत असेल तर काही आठवडे मनगटाला पट्टा लावावा. दागिन्यासारखा कायम मिरवला तर स्नायू अशक्त होतात.

जुना उपाय म्हणजे जाडजूड ग्रंथ गाठीवर आपटणे. ज्ञानाचा इतका थेट उपयोग क्वचितच होतो. गाठ फुटते, जेली आजूबाजूला पसरून शोषली जाते, कधी सोबत हाडही मोडतं, आणि देठ जागच्या जागी असल्यामुळे पिशवी पुन्हा भरते.

सुईने उपसण्याचंही दुखणं तेच. जागा बधिर करून जाड, 18 गेजच्या आसपासची सुई घालतात, कारण बारीक सुईतून ती जेली हलतच नाही. गाठ डोळ्यांदेखत बसते, माणूस खूश होतो. पण ही नळ चालू ठेवून बादली उपसण्याची गोष्ट आहे. सांध्यातला द्रव देठातून पिशवीत जातो, सहसा परत फिरत नाही. स्टिरॉइड टोचल्याने फार फरक पडतो असंही नाही. गाठ तळहाताच्या बाजूला असेल तर नाडीची धमनी तिला खेटून असते. तिथे आंधळेपणाने सुई घालू नये, सोनोग्राफीत बघून घालावी.

उरली शस्त्रक्रिया. यात खरं काम पिशवी काढण्याचं नाही, देठ शोधण्याचं. मागच्या गाठीचा देठ बहुधा स्कॅफॉइड आणि ल्युनेट या हाडांना बांधणाऱ्या अस्थिबंधापाशी उगवतो. देठासोबत सांध्याच्या आवरणाचा छोटा तुकडा काढायचा, पण त्या अस्थिबंधाला धक्का लावायचा नाही, नाहीतर गाठ जाऊन डगमगतं मनगट मिळतं. टाके 10 ते 14 दिवसांनी निघतात. ताठरपणा त्याहून हट्टी. आणि तरीही! 2015 सालच्या एका एकत्रित विश्लेषणात गाठ परतण्याचं प्रमाण सुईनंतर सरासरी 59 टक्के, उघड्या शस्त्रक्रियेनंतर 21 आणि दुर्बिणीतून केल्यास 6 टक्के आढळलं. म्हणून नुसत्या दिसण्यासाठी कापून घेणाऱ्यांनी आधी विचारावं की गाठ जास्त खुपते की व्रण खुपेल.

झपाट्याने वाढणारी, दगडासारखी घट्ट किंवा टॉर्चला दाद न देणारी गाठ मात्र वाट बघत ठेवू नये. आणि नखाच्या मुळाशी येणारी छोटी, पातळ कातडीची गाठ घरच्या टाचणीने फोडायची अजिबात नाही. तिचा रस्ता थेट बोटाच्या शेवटच्या सांध्यात उघडतो, आणि टाचणीवरचे जंतू त्याच रस्त्याने आत जातात.