मामाला 'बाबा', काकाला 'ताता': एका फॉरवर्डला उत्तर

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तीनदा येऊन गेलेला मजकूर थोडक्यात असा: मूल तोंडाने श्वास घेतं म्हणून त्याचे दात वेडेवाकडे येतात, आणि दात वेडेवाकडे म्हणून ते बोबडं बोलतं. उपाय घरचाच. रात्री ओठांवर चिकटपट्टी लावा, दिवसा जीभ टाळूला दाबून ठेवायला शिकवा, सहा महिन्यांत जबडा रुंद होईल आणि तारांचा खर्च वाचेल. डॉक्टरांना दात काढू देऊ नका, श्वासाची वाट अरुंद होते. शेवटी हात जोडलेले चार इमोजी आणि 'प्रत्येक आईपर्यंत पोहोचवा'.

पोहोचलं. मी मुलांच्या दातांचं काम करते, त्यामुळे माझ्यापर्यंत जरा जास्तच पोहोचलं. यातलं पहिलं वाक्य निम्मं खरं आहे, म्हणून तर ते इतकं पसरतं.

खरं निम्मं आधी. टाळू हे तोंडाचं छत आणि तीच नाकाची जमीन. नाक मोकळं असलं की ओठ मिटलेले राहतात, जीभ वर टाळूशी विसावते आणि वरच्या दाढांना आतून आधार मिळतो. नाक बंद असलं की तोंड उघडं राहतं, जीभ खाली पडते, आतला आधार जातो आणि गालांचा बाहेरचा दाब तेवढा उरतो. वरचा जबडा अरुंद होतो, टाळू खोल दिसते, मागच्या दाढा खालच्यांच्या आत बसायला लागतात. स्वीडनच्या लिंडर-आरॉन्सन यांनी अ‍ॅडिनॉइड्स (नाकाच्या मागच्या मऊ गाठी) वाढलेल्या मुलांचे चेहरे आणि दात मोजून 1970 साली हेच दाखवलं होतं.

पण त्यानंतर अमेरिकेत हार्वोल्ड यांनी माकडांची नाकं सिलिकॉनच्या बुचांनी बंद करून पाहिली. सगळ्यांचे दात एकाच साच्यात बिघडले नाहीत. कुणी जबडा खाली सोडला, कुणी पुढे काढला, कुणी जिभेची जागा बदलली, आणि ज्याने जी सोय केली तसा त्याचा चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची पद्धत, बदलला. मुलांचं नाक तर असं ठार बंद क्वचितच असतं. 'तोंडाने श्वास म्हणजे दात पुढे' हे समीकरण म्हणूनच टिकत नाही. दात वेडेवाकडे येण्याची कारणं इतरही असतात: आईकडून आलेला लहान जबडा आणि बाबांकडून आलेले मोठे दात, चार वर्षांनंतरही न सुटलेला अंगठा, आणि माझ्याकडे सगळ्यात जास्त दिसणारं कारण म्हणजे किडून वेळेआधी काढावी लागलेली दुधाची दाढ. तिची जागा रिकामी झाली की सहाव्या वर्षी येणारी मोठी दाढ सीट पकडल्यासारखी पुढे सरकते, आणि मागाहून येणाऱ्याला उभं राहायलाही जागा उरत नाही. 'दुधाचेच तर आहेत, पडणारच' असं म्हणणारी घरं नाकाला दोष देताना पाहिली की हसू येतं. (आणि सात-आठ वर्षांच्या मुलाच्या वरच्या दोन दातांत फट दिसली म्हणून घाबरू नका. अकरा-बारापर्यंत सुळे उतरले की ती बहुतेक वेळा मिटते.)

आता चिकटपट्टी. इथे मी विनोद करणार नाही. मूल तोंडाने श्वास घेतं ते बहुतेक वेळा नाकातून पुरत नाही म्हणून. नाकाच्या मागे अ‍ॅडिनॉइड्स असतात. साधारण तीन ते सात या वयात ते जागेच्या मानाने मोठे असतात, पुढे आपोआप आकसतात. काहींची अ‍ॅलर्जीची सर्दी बारा महिने असते. अशा मुलाचं तोंड बंद करणं म्हणजे उरलेलं दारही लावून घेणं. एक आजी सहा वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या होत्या. "पट्टी लावली की दचकून उठून बसतो हो, ओढून काढतो." मी म्हटलं, "आजी, पोराला तुमच्यापेक्षा जास्त कळतंय." स्टीलचा गार चमचा त्याच्या नाकाखाली धरला, ओठ मिटायला सांगितलं. एका बाजूला पुसटशी वाफ, दुसरीकडे काहीच नाही. चमच्याने निदान होत नाही, पण आधी कुणाकडे जायचं ते कळतं: कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. मूल रोज घोरत असेल, झोपेत श्वास थांबून मग धाप टाकत असेल, मान मागे टाकून झोपत असेल, तर दातांचं नंतर बघू.

त्याच मुलाला मी शेजारी बसलेला मामा दाखवून विचारलं, हा कोण? म्हणाला, "बाबा." मामा हसले, "डॉक्टर, हा मला वर्षभर बाप करून बसलाय." नाक चिमटीत धरून 'मामा, नाना' म्हणून बघा. 'बाबा, दादा' ऐकू येईल. म आणि न यांना नाकातून हवा लागते. हा दोष नाकाचा आहे, दात कितीही सरळ केले तरी जाणार नाही.

बोलण्याचा मुद्दा फॉरवर्डमध्ये सगळ्यात ढिसाळ आहे. 'बोबडं' या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. 'काका'चा 'ताता' होतो तेव्हा जिभेच्या मागच्या भागाने करायचं काम मूल पुढच्या टोकाने करतं. 'घर'चं 'घल' हेही जिभेचं शिकणं. दोन्हींचा दातांशी काही संबंध नाही. दातांचा संबंध येतो तो मुख्यत्वे स आणि दंत्य च-ज-झ यांच्याशी. 'माझा' म्हणा, जिभेचं टोक वरच्या दातांमागे जातं. 'माझी' म्हणा, ते मागे टाळूकडे सरकतं. समोरचे दात एकमेकांना टेकतच नसतील, तर त्या फटीतून जीभ बाहेर डोकावते आणि 'माझा', 'साखर' हे शब्द आधी फिसकटतात. तरीही असा चावा असलेली कितीतरी मुलं स्वच्छ बोलतात, कारण जीभ आपली वाट शोधते. उलट बारा वर्षांची एक मुलगी, तारांनी फट पूर्ण मिटली, 'स' मात्र तसाच. जिभेची सवय तारांनी मोडत नाही. तिला स्पीच थेरपिस्टकडे जावं लागलं.

आणि जो दुवा खरंच सांगायला हवा होता तो फॉरवर्डमध्ये नाहीच: कान. नाकामागून कानाकडे जाणारी नळी अ‍ॅडिनॉइड्सच्या अगदी शेजारी उघडते. ती तुंबली की पडद्यामागे पाणी साचतं, दुखत नाही, पण ऐकू कमी येतं. मूल टीव्हीचा आवाज वाढवतं, हाक मारली की 'ओ' देत नाही, आणि आपण त्याला हट्टी ठरवतो. जे नीट ऐकूच येत नाही ते मूल नीट म्हणणार कसं? बोलणं अस्पष्ट असलेल्या मुलाची श्रवणचाचणी आधी करा. वेखंड उगाळून चाटवण्याआधी तर नक्कीच.

जीभ दाबून जबडा रुंद होण्याबद्दल फार लिहायची गरज नाही. दात हलतात ते तासन्‌तास टिकणाऱ्या हलक्या दाबाने, आठवण झाली की पाच मिनिटं जोर लावून नाही. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेनेही या 'म्यूइंग'ला शास्त्रीय आधार नसल्याचं म्हटलं आहे.

राहिलं दात काढणं. त्याच संघटनेने 2019 मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून सांगितलं, की तारांसाठी दात काढल्याने झोपेत श्वास अडण्याचा आजार होतो असं दिसत नाही. दात काढायचे की नाही हा प्रश्न जागेचा आहे, तो एक्स-रे समोर ठेवून विचारा, दुसरं मत घ्या, भांडा सुद्धा.

आजींच्या नातवाचे अ‍ॅडिनॉइड्स दिवाळीच्या सुट्टीत काढले. परवा मामाच घेऊन आले होते. वरची दाढ अजून आतच बसते, तिचं काम आता सुरू करू.