टेबलावर उघडं पडलेलं पितळ

जेवणाच्या टेबलावर काय मांडायचं, हा प्रश्न टेबल घरात येईपर्यंत आमच्याकडे नव्हता. पाटावर जेवायचो तेव्हा आई भांडं घेऊन पंगतीतून फिरायची आणि वाढून झालं की भांडं तिच्याबरोबर आत जायचं. टेबलावर भांडं येतं आणि बसतं. मग अर्धा तास समोर बसणारं भांडं दिसायला बरं नको का, असं आमच्या हिचं म्हणणं पडलं.

हे म्हणणं मूळचं टिळकवाडीतल्या तिच्या मैत्रिणीचं. त्या घरी वरण काशाच्या वाडग्यात, कोशिंबीर-चटण्या जुन्या पितळी चौफुल्यात आणि लोणचं निळ्या नक्षीच्या चिनीमातीत. हिनं तिथं जेवण किती केलं ठाऊक नाही, भांडी मात्र पोटभर पाहिली. घरी आल्या आल्या जाहीर झालं की आपल्याही टेबलावर आता अँटिक.

जाणकार म्हणतात, शंभर वर्षं उलटली की अँटिक, त्याच्या अलीकडचं व्हिंटेज. हे ऐकून आईनं मनातल्या मनात काहीतरी मोजलं. "मग मला अजून वेळ आहे की," असं म्हणून ती पुन्हा मालिकेकडे वळली.

आमची स्वतःची जुनी भांडी म्हणाल तर माळ्यावर एका कडीचं घंगाळ आणि तोटी गळणारा बंब, एवढंच उरलंय. बाकी सगळं पितळ स्टीलचं वारं आलं तेव्हा मोडीत गेलं. वरून पैसे भरून आईनं डब्यांचा सेट आणला होता. एवढी देखणी भांडी का घालवलीस, असं हिनं एकदा विचारून पाहिलं. आई म्हणाली, "घासायला तू होतीस काय गं?" तो विषय तिथंच मिटला आणि आम्ही शहापूर गाठलं.

शहापूर आज बेळगावात मिसळून गेलं असलं तरी पूर्वी ते सांगली संस्थानातलं. तिथल्या जुन्या भांड्यांच्या दुकानदाराला (सगळे त्यांना मामाच म्हणतात) हा इतिहास चांगला पाठ. गिऱ्हाईक मराठीत बोललं की भांडं सांगलीकर सरकारांच्या मुदपाकखान्यातलं. "एष्टु री?" असं कन्नडात विचारलं की तेच भांडं कित्तूरच्या वाड्यातलं. इंग्रजी बोलणारा आला तर कॅम्पातल्या गोऱ्या साहेबाचं. आम्ही उभे होतो तेवढ्या वेळात एकाच तस्ताची ही तिन्ही घराणी ऐकून झाली. सीमाभागात राहायचं तर एवढी तयारी हवीच.

आम्ही दोघं आपसात मराठी आणि दराबद्दल इंग्रजी बोलत असल्यामुळे आमच्यापुढे साहेब आला. झाकणाचं, फुलाफुलांचं, सूप वाढायचं चिनीमातीचं भांडं. मी ते उलटं केलं. बुडाशी इंग्रजीत शिक्का होता, 'मेड इन ऑक्युपाइड जपान'.

"मामा, जपान परक्यांच्या ताब्यात होता १९४५ ते १९५२. साहेब गेला १९४७ ला. म्हणजे मधल्या दोन वर्षांत त्यानं जपानहून भांडं मागवलं, सूप प्यायला, आणि इथंच टाकून गेला?"

"घाई झाली असंल की त्याला," मामा म्हणाले.

पुढचा ऐवज चमच्यांचा. वाढायचे मोठे, जड, मुठीला वेलबुट्टी असलेले. मामांनी आवाज खाली आणून सांगितलं, "चांदी." चमच्याच्या पाठीवर बारीक अक्षरं होती, ई.पी.एन.एस. याचा अर्थ निकेल सिल्व्हरवर विजेनं चढवलेला मुलामा. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन मंडळींनी १८४० साली त्याचं पेटंट घेतलं होतं. आतलं निकेल सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. नावात सिल्व्हर असलं तरी चांदीचा कणही नाही. टेकून टेकून जिथं चमचा झिजला होता, तिथून आतला पिवळट रंग डोकावत होता. मी तो दाखवला. मामा माझ्याकडे न बघता हिला म्हणाले, "वैनी, सोनं तरी माणूस कुठं आतनं घालतोय? वरनंच घालतोय की." चमचे घेतले.

काशाच्या बाबतीत मात्र मामांपुढे मान तुकवावी लागली. त्यांनी एक वाडगा डाव्या हाताच्या पाच बोटांच्या टोकांवर तोलला आणि उजव्या हाताच्या बोटाचं पेर काठावर हलकेच आपटलं. नाद निघाला, लांबत गेला, आणि तो पुरता विरेपर्यंत मामांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला उत्तर दिलं नाही. मग तसाच दिसणारा दुसरा वाडगा घेतला. तो नुसता 'ठक्' म्हणाला. "ह्याला चीर हाय," मामा म्हणाले. मी चष्मा पुसून शोधली, मला दिसली नाही. चांगलं कासं म्हणजे साधारण ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथील; तो नाद त्या कथलामुळे. मात्र त्या कथलामुळेच हातातून पडलं की ते पोचत नाही, सरळ फुटतं. आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशींना हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

शेवटी आमटीसाठी पितळी पातेलं. ते मामांनी सव्वाशे वर्षांचं म्हणून दिलं. कल्हईशिवाय त्यात चिंचेची आमटी ठेवली तर कळकणार, म्हणून कल्हईवाल्याचा शोध. पूर्वी तो गल्लीत ओरडत यायचा, आता त्याच्या नावानं आपण ओरडायचं. शेवटी एक सापडला. नवसागराचा पांढरा धूर, कापसाचा बोळा, आणि बघता बघता पातेलं आतून चंद्रासारखं. वर त्यानं तंबी दिली, रिकामं विस्तवावर ठेवू नका. कल्हई म्हणजे कथलाचाच थर आणि कथील २३२ अंशांना वितळतं, त्यामुळे हिनं ते भरलेलंसुद्धा विस्तवावर न ठेवायचं ठरवलं. आता आमच्याकडे डाळ कुकरमध्ये शिजते, आमटी स्टीलमध्ये उकळते आणि पितळेत येऊन मिरवते.

ती वाढायला हिनं खास ओगराळं आणलं. ओगराळं उभ्या दांड्याचं. वाकून वाढणाऱ्या माणसासाठी ते घडवलंय. टेबलाशी बसून ते वापरायचं तर कोपर शेजाऱ्याच्या कानापर्यंत न्यावं लागतं. आत सोडलं तर दांड्याच्या वजनानं कलंडतं. त्यामुळे प्रत्येक वेळी कुणीतरी उठून, टेबलाभोवती फिरून सगळ्यांना आमटी वाढतं. त्यासाठी पाट काय वाईट होते, असं आईनं विचारलं. उत्तर कुणी दिलं नाही.

शिवाय जुन्या भांड्यांवर नावं असतात, टिंबाटिंबांनी कोरलेली. भाताच्या पातेल्यावरचं नाव कन्नडात आहे. आमच्या चिरंजीवांनी शाळेतल्या कन्नडच्या जोरावर ते वाचलं. कुणा आजींच्या स्मरणार्थ दिलेलं निघालं. तेव्हापासून भात वाढून घेण्याआधी आई पातेल्याला नमस्कार करते. आमटीच्या पातेल्यावर मराठीत एका मुलीचं नाव होतं, पण कड्याखालची अक्षरं काळ्या थरात बुजली होती.

परवा निपाणीहून व्याही-विहीणबाई जेवायला आले. टेबलावर भांडी इतकी की ताटांना जागा उरली नाही. व्याह्यांनी आपलं ताट मांडीवर घेतलं. विहीणबाई म्हणाल्या, "काय थाट आहे!" ही फुलली. पोळी येईपर्यंत रिकामा वेळ म्हणून व्याह्यांनी आमटीचं पातेलं स्वतःकडे फिरवलं आणि कड्याखाली अंगठा घासला. कल्हईच्या आधी घातलेल्या चिंचेनं थर सैल झालाच होता. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "...हिच्या लग्नात मामाकडून, शके १८७२."

"पाव्हणं," ते म्हणाले, "ही तर आमची आत्या!"

शके १८७२ म्हणजे १९५०. हिचा चेहरा पडला तो पातेलं दुसऱ्याचं निघालं म्हणून नाही, ते साधं व्हिंटेज निघालं म्हणून. व्याह्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. आत्याबाई आता नव्वदीच्या पुढं आहेत, नजर शाबूत आहे, आणि हे पातेलं आपल्या सासूनं न विचारता मोडीत घातल्याचा राग त्यांनी अजून सोडलेला नाही, असं कळलं. पुढच्या रविवारी व्याही त्यांना घेऊन येणार आहेत, नुसतं दाखवायला.

व्याह्यांना नाही म्हणायची सोय नाही. ही तीन दिवस मामांना फोन करतेय, तसलंच दुसरं बिननावाचं पातेलं आहे का म्हणून. आणि आईनं आमटीसाठी स्टीलचं मोठं पातेलं आजच खाली काढून ठेवलंय.