थायरॉइडची गोळी 'उष्ण' पडते म्हणे!

गेल्या रविवारी साताऱ्याहून आत्याचा फोन आला आणि बोलता बोलता तिने सहज सांगितले की, सोळा दिवसांपासून तिने थायरॉइडची गोळी बंद केली आहे. आत्या ६३ वर्षांची आहे. ग्रंथी जवळजवळ निकामी झाल्यामुळे ती अनेक वर्षे रोज ७५ मायक्रोग्रॅमची गोळी घेते, आणि पाळी जाऊन तेरा वर्षे लोटली तरी तिच्या अंगातून अजून गरम वाफा निघतात. कारण विचारल्यावर तिने भजनी मंडळाच्या गटावर आलेला संदेश मला पाठवला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: थायरॉइडची गोळी उष्ण असते आणि वाफा तिच्यामुळेच येतात, ती २१ दिवस बंद ठेवून सकाळी धण्याचे पाणी व रात्री दुधातून अश्वगंधा घ्यावी, तेवढ्या काळात त्रास झाला नाही तर गोळीची गरज मुळात नव्हतीच, कोबी-फ्लॉवर सोडावा, आणि वाफांसाठी डॉक्टर हार्मोन देऊ लागले तर थायरॉइड असलेल्या बाईने ते कधीही घेऊ नयेत. औषधनिर्माणशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी सरली आणि माझ्याच घरात गोळी बंद झाली ती अशा मजकुरावरून, त्यामुळे या उत्तरात थोडा संताप उतरला तर तो मी लपवणार नाही.

सर्वांत घातक आहे ती २१ दिवसांची परीक्षा. "अगं, मला काहीच झालं नाही, उलट हलकं वाटतंय," असे आत्या म्हणाली, आणि ते खोटे नव्हते. या गोळीतील लेव्होथायरॉक्सिन रक्तातून फार सावकाश ओसरते. त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला साधारण सात दिवस लागतात आणि ग्रंथी मंद असलेल्यांत त्याहूनही जास्त. म्हणजे दोन आठवड्यांनी पावभाग आणि तीन आठवड्यांनी आठवा भाग तरी शिल्लक असतो. दिव्यातले तेल संपत आले तरी वात काही काळ जळत राहते, तसा हा प्रकार आहे. सुस्ती, बद्धकोष्ठ, चेहऱ्यावरची सूज, मंद नाडी ही लक्षणे यानंतर हळूहळू येतात, आणि तोपर्यंत संदेश लिहिणाऱ्याची परीक्षा 'उत्तीर्ण' होऊन पुढच्या गटावर गेलेली असते. उतारवयात गोळी दीर्घकाळ सुटली तर क्वचित शुद्ध हरपण्यापर्यंत वेळ येते. शिवाय हृदयविकार असलेल्या रुग्णाने मोठ्या खंडानंतर परस्पर पूर्ण मात्रा सुरू करणेही धोक्याचे असते. हे २१ दिवस कोठून आले, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. औषध बदलल्यावर टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारे, मेंदूजवळच्या ग्रंथीतून येणारे संप्रेरक; थायरॉक्सिन कमी पडले की ते वाढते, जास्त झाले की घटते) तपासतात ते सहा ते आठ आठवड्यांनी, कारण त्याआधी तो आकडा स्थिरावतच नाही.

आता 'उष्ण' या शब्दाकडे वळू. ग्रंथी स्वतः जे थायरॉक्सिन बनवते तेच गोळीत असते. मात्रा योग्य असेल तर ते शरीराला परके नाही. पाळी गेल्यानंतरच्या वाफांचे मूळ मेंदूत आहे. इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन घटले की मेंदूतील तापमान सांभाळणारे केंद्र अतिसंवेदनशील होते आणि शरीराचे तापमान किंचित वाढले तरी ते त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंद करून घाम फोडते. अमेरिकेतील 'स्वान' या दीर्घ पाहणीत हा त्रास मध्यमानाने ७.४ वर्षे टिकलेला आढळला. अर्थात निम्म्या स्त्रियांना तो त्याहून अधिक काळ झाला.

तरीही एक अर्धसत्य मला नाइलाजाने मान्य केले पाहिजे. गोळीची मात्रा गरजेपेक्षा जास्त झाली तर उकाडा सहन होत नाही, घाम येतो, छाती धडधडते, हात थरथरतात, वजन उतरते. उतारवयात नाडी अनियमित होण्याचा आणि हाडे विरळ होण्याचा धोकाही वाढतो. वाफ काही मिनिटांत येऊन ओसरते, तर जास्त मात्रेचा उकाडा दिवसभर पाठ सोडत नाही. पण केवळ या फरकावर विसंबू नये, टीएसएच करावा. तो खाली गेलेला असेल तर डॉक्टर मात्रा कमी करतात. आणखी एक कबुली: ६५ वर्षांपुढील ज्यांचा टीएसएच किंचितच वाढलेला असतो, त्यांच्यापैकी अनेकांना गोळीने लक्षणांत फायदा होत नाही, हे २०१७ साली ७३७ जणांवरच्या चाचणीत दिसले आहे. पण ते निकामी ग्रंथीच्या रुग्णांना लागू नाही, आणि त्याचाही निर्णय भजनी मंडळाने करायचा नसतो.

हार्मोनविषयीच्या मुद्द्यात लिहिणाऱ्याने खऱ्या गोष्टीचे शेपूट धरले आहे आणि हत्ती सोडून दिला आहे. २००१ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये बहा अराफा यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाळी गेलेल्या आणि थायरॉक्सिन घेणाऱ्या २५ स्त्रियांना त्यात तोंडावाटे इस्ट्रोजेन दिले होते. ग्रंथीची उणीव भरून काढण्यापुरती गोळी घेणाऱ्या १८ जणींपैकी सात जणींचा टीएसएच ७ च्या वर, म्हणजे सामान्य मर्यादेपलीकडे, गेला. इस्ट्रोजेनमुळे यकृत थायरॉक्सिनला बांधून ठेवणारे प्रथिन जास्त बनवते, म्हणून मोकळे थायरॉक्सिन कमी पडते. निरोगी ग्रंथी ती तूट भरून काढते, गोळीवरच्या बाईची ग्रंथी भरू शकत नाही. यातून निघणारा अर्थ एवढाच की, तोंडावाटे इस्ट्रोजेन सुरू केल्यावर सुमारे बारा आठवड्यांनी टीएसएच पाहावा आणि लागल्यास गोळी वाढवावी. त्वचेवरच्या पट्टीने हा परिणाम सहसा होत नाही. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊन गेलेल्यांनी हार्मोन टाळावेत, तसेच साठीनंतर ते नव्याने सुरू करताना फार विचार करावा लागतो, हे खरे. मात्र ही कारणे थायरॉइडची नव्हेत.

कोबी-फ्लॉवर शिजवून खुशाल खावा. धण्याचे पाणी निरुपद्रवी आहे, पण गोळी साध्या पाण्याबरोबरच घ्यावी. अश्वगंधेला मात्र मी निरुपद्रवी म्हणणार नाही. तिच्यामुळे थायरॉइडची पातळी अवाजवी वाढल्याच्या आणि यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. वाफा कमी करायला निघालेली बाई अशाने वाफांचे नवे कारण विकत घेईल. सत्तरीत नव्यानेच रात्री घाम फुटू लागला, तर त्याला पाळीचा त्रास समजून बसू नये. क्षयरोग, मधुमेहाच्या औषधाने साखर उतरणे अशी कारणे आधी पाहावीत.

डॉक्टरांशी बोलून आत्याची गोळी पुन्हा सुरू झाली. तिचा औषधांचा डबा उघडायला लावला, तेव्हा कळले की कॅल्शियम आणि थायरॉइडची गोळी ती कित्येक महिने सकाळच्या चहाबरोबर एकदमच घेत होती. या दोहोंत चार तासांचे अंतर हवे, नाहीतर कॅल्शियम थायरॉक्सिन शोषू देत नाही. केसांसाठीची बायोटिनची गोळीही डब्यात निघाली. तिच्यामुळे काही तपासण्यांत टीएसएच खोटाच कमी दिसतो, म्हणून ती रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बंद ठेवायची आहे. आता थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी, त्यानंतर तासाभराने चहा आणि कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर, असे ठरले आहे. सहा आठवड्यांनी रक्त तपासायचे आहे. वाफा अजून येतातच. त्यांच्यावर हार्मोनविरहित औषध द्यायचे का, हे तो आकडा पाहून डॉक्टर ठरवणार आहेत.